तक्रार कोणाकडे करायची? नेहरू नगरचे ग्राहक आणि बदलत्या डिजिटल सेवा

छत्तीसगढमधील भिलाई शहराचा नेहरू नगर हा भाग पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या मध्यमवर्गाचा आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि पुढच्या तीन-चार दशकांत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे नोकरीसाठी येत राहिली. मराठी माणसांना हा मुलूख परका नव्हता, कारण १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातूनच चालत असे आणि नागपूर, भंडारा, गोंदियाकडची रेल्वे दुर्ग-भिलाईवरूनच पुढे जाते. कारखान्याच्या वसाहतीतील क्वार्टर नोकरी संपली की सोडावे लागत असल्याने अनेकांनी निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी घालून नेहरू नगरसारख्या भागांत स्वतःची घरे बांधली. मुले शिकून पुणे, बेंगळुरू, हैदराबाद येथे किंवा परदेशी गेली आणि आई-वडील या घरांत राहिले.

अशा घरांचा रोजचा व्यवहार गेल्या दहा-बारा वर्षांत मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला, विजेचे बिल, बँकेतील देवाणघेवाण, नागपूर-पुण्याकडे जाण्याचे रेल्वेचे आरक्षण, रायपूरला जाताना कुम्हारीच्या टोलनाक्यावर कापली जाणारी रक्कम आणि दूर असलेल्या नातवंडांशी होणारे बोलणे, या प्रत्येक गोष्टीसाठी कोणते ना कोणते ॲप लागते. यातून झालेली सोय खरी आहे आणि तिच्यासोबत आलेला मनस्तापही तितकाच खरा आहे. या मनस्तापाचे कारण विचारले असता 'वय झाले, आता जमत नाही' असे उत्तर सर्रास दिले जाते, आणि वाईट याचे वाटते की ज्येष्ठ मंडळी स्वतःही ते मान्य करतात. हे उत्तर चुकीचे आहे. ज्यांनी ब्लास्ट फर्नेस, कोक ओव्हन किंवा रेल मिलमध्ये तीस-तीस वर्षे अवजड आणि धोक्याची यंत्रे सांभाळली, त्यांची बुद्धी चार बटणांपुढे अपुरी पडते असे मानायला कोणताही आधार नाही. त्यांची खरी अडचण अशी की शिकून घेतलेली पद्धत टिकत नाही, ती कोणी आणि का बदलली हे कळत नाही, आणि विचारायला जावे तर समोर माणूस नसतो.

ही अडचण समजून घेण्यासाठी वस्तूची खरेदी आणि डिजिटल सेवेचा वापर यांतील कायदेशीर फरक आधी पाहिला पाहिजे. रेडिओ किंवा शिलाईयंत्र विकत घेतले की ते घेणाऱ्याच्या मालकीचे होते आणि विकणारी कंपनी पुढे बुडाली तरी ते चालत राहते. डिजिटल सेवेच्या बाबतीत मात्र ग्राहकाला मिळतो तो केवळ वापराचा परवाना. त्या परवान्याच्या अटी कंपनी लिहिते, त्या केव्हा बदलायच्या हे बहुतेक वेळा कंपनीच ठरवते, आणि ग्राहकाने 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवलेले असल्यामुळे तो बदल त्याच्या संमतीनेच झाला असे कागदोपत्री दिसते. त्या अटी किती पानांच्या आहेत आणि त्या वाचणे किती जणांना शक्य आहे, याचा विचार या संमतीत कोठेही नसतो.

मुले परदेशात असलेल्या कुटुंबांना याचा अनुभव स्काइपच्या निमित्ताने आला. २००३ मध्ये सुरू झालेली आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेली ही सेवा जगभरच्या घरांत चित्रसंवादाचे पर्यायी नावच बनली होती. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी ती बंद होणार असे जाहीर झाले आणि ५ मे २०२५ रोजी ती बंद झाली. पर्याय म्हणून त्याच कंपनीचे टीम्स हे ॲप पुढे करण्यात आले. परंतु ते मुख्यतः कार्यालयीन कामासाठी घडवलेले असल्याने आजी-आजोबांना सर्व काही पुन्हा शिकावे लागले. छायाचित्रांचेही असेच झाले. २०१५ मध्ये गूगल फोटोज सुरू झाले तेव्हा ठराविक दर्जाची छायाचित्रे हवी तितकी विनामूल्य ठेवण्याची मुभा होती, त्या भरवशावर कुटुंबांनी लग्नकार्ये, बारशी, सहली यांची हजारो छायाचित्रे तेथे साठवली, आणि १ जून २०२१ पासून ही मुभा संपून नवी छायाचित्रे १५ गिगाबाइटच्या एकूण मर्यादेत मोजली जाऊ लागली. ही मर्यादा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हींना मिळून आहे. पुढे २०२४ च्या सुमारास अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपच्या संभाषणांची राखीव प्रतही तिच्यातच धरली गेली. रोज सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या चित्रांनी ही जागा भरत जाते आणि ती पूर्ण भरली की जीमेलवर नवी पत्रे येणेही थांबते. आपले निवृत्तिवेतनासंबंधीचे पत्र का आले नाही याचे कारण छायाचित्रांच्या साठ्यात आहे, हे कोणत्याही वयाच्या माणसाला आपोआप सुचणारे नाही.

संगणकाच्या बाबतीत हा भार थेट पैशांत मोजता येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. आधार थांबणे म्हणजे संगणक बंद पडणे नव्हे. प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवणारी सुरक्षा-दुरुस्ती येणे थांबते, आणि मग तोच संगणक बँकेच्या व्यवहारासाठी दिवसेंदिवस असुरक्षित होत जातो. विंडोज ११ घ्यावी तर तिला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, जो साधारणतः २०१७-१८ पूर्वीच्या संगणकांत नाही. कंपनीने वाढीव काळासाठी दुरुस्ती मिळण्याची सोय ठेवली असली तरी ती मुदतीची आहे, आणि उत्तम चालणारे यंत्र टाकून देण्याची वेळ ग्राहकावर येणार हे त्यामुळे टळत नाही.

सेवा कालांतराने ग्राहकासाठी वाईट का होत जातात, याचे एक स्पष्टीकरण कॅनडात जन्मलेले लेखक कॉरी डॉक्टरो यांनी २०२२-२३ च्या सुमारास मांडले आणि ते जगभर उचलले गेले. त्यांच्या मते मोठे व्यासपीठ प्रथम तोटा सोसूनही वापरणाऱ्यांना उत्तम सेवा देते. लोक जमले की त्यांची गैरसोय करून जाहिरातदार आणि विक्रेते यांची सोय पाहते. आणि तेही अडकले की दोघांकडून शक्य तितके काढून घेऊन स्वतःचा नफा वाढवते. हे शक्य होते, कारण सेवा सोडून जाणे वापरणाऱ्याला परवडत नाही. व्हॉट्सॲप आवडत नाही म्हणून एकट्याने दुसरे ॲप घेऊन उपयोग नाही. सगळे नातेवाईक, मंडळाचा गट आणि औषधवालाही तेथेच असतो. जितके लोक जास्त तितकी सेवा उपयुक्त आणि तितकेच तिच्यातून बाहेर पडणे अवघड, या गुणधर्माला अर्थशास्त्रात जाळे-परिणाम म्हणतात.

मनोरंजनाच्या क्षेत्रात हा क्रम उघड दिसतो. २०२३ मध्ये आयपीएलचे सामने जिओसिनेमावर विनामूल्य दाखवले गेले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार यांचे जिओहॉटस्टार झाले आणि त्या वर्षीचे सामने थोडे पाहून झाल्यावर वर्गणी मागितली जाऊ लागली. ॲमेझॉन प्राइमची वार्षिक वर्गणी १४ डिसेंबर २०२१ पासून ९९९ रुपयांवरून १,४९९ रुपये झाली, आणि जून २०२५ पासून वर्गणी भरणाऱ्यांनाही चित्रपटांच्या मध्ये जाहिराती दिसू लागल्या. त्या नको असतील तर वेगळे पैसे. मोबाइलच्या रिचार्जमध्ये महिन्याऐवजी २८ दिवसांची मुदत रूढ झाल्याने वर्षाला १२ ऐवजी १३ वेळा पैसे भरावे लागत होते. त्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवावी असा आदेश काढला. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी केवळ बोलणे आणि संदेश यांचे पॅक देण्याचे बंधनही घातले. साधा फोन वापरणाऱ्या ज्येष्ठांनी नको असलेल्या डेटाचे पैसे वर्षानुवर्षे भरले. त्यांच्यासाठी हा आदेश निघाला. रिचार्जच्या ॲपवर हे पॅक ठळक दिसत नाहीत, ते शोधावे लागतात, आणि दुकानदाराला ते नावानिशी मागावे लागतात.

न दिसणे हा येथे अपघात नसतो. पडद्याची मांडणीच अशी करायची की माणसाने स्वतःच्या हिताविरुद्ध निवड करावी, या प्रकाराला ब्रिटिश रचनाकार हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये डार्क पॅटर्न असे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचना नमूद करून त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. 'फक्त दोनच शिल्लक' असे सांगून खोटी घाई निर्माण करणे, न विचारता खरेदीच्या यादीत विमा किंवा देणगी घालणे, किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत शेवटी खरा आकडा दाखवणे, नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशा शब्दांत प्रश्न विचारणे, जाहिरातीला बातमीचे रूप देणे, हे सर्व त्या यादीत आहे. सर्वांत महाग पडणारा प्रकार वर्गणीच्या सापळ्याचा: एका बोटाच्या स्पर्शाने सदस्य होता येते, परंतु सदस्यत्व रद्द करण्याचा मार्ग पाच-सहा पडद्यांच्या आड ठेवलेला असतो. अमेरिकेत याच आरोपावरून ॲमेझॉनने सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनशी २५० कोटी डॉलरची तडजोड केली, यावरून या सापळ्यातील पैशांचा अंदाज येतो. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या वर्गणीची सूचना किमान २४ तास आधी देणे बंधनकारक आहे, आणि यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' या विभागात दिलेल्या सर्व परवानग्या पाहून त्या रद्दही करता येतात. त्या विभागात वर्षातून एकदा तरी डोकावणारी घरे फार थोडी असतील.

मात्र ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत घातक बदल वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. तो म्हणजे कंपन्यांनी आपला दूरध्वनी क्रमांक आणि त्यामागचा माणूस हळूहळू मागे घेतला. पूर्वी टेलिफोन बिघडला तर एक्स्चेंजमध्ये जाऊन कोणाशी तरी बोलता येत असे. आता ॲपमधील मदतीच्या विभागात ठरलेल्या प्रश्नांची यादी असते, ती संपली की स्वयंचलित संवादक, म्हणजे चॅटबॉट, तीच उत्तरे पुन्हा देतो, आणि ग्राहकाचा प्रश्न यादीत नसेल तर तो प्रश्नच अस्तित्वात नाही अशी स्थिती होते. मग माणूस काय करतो? तो इंटरनेटवर त्या कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक शोधतो. नेमके तेथेच ठग टपलेले असतात. प्रसिद्ध कंपन्यांच्या आणि बँकांच्या नावाने बनावट क्रमांक शोधयंत्रावर, नकाशावरील नोंदींत आणि समाजमाध्यमांवर पेरलेले असतात; फोन केला की अत्यंत नम्र आवाजात बोलणारा मनुष्य परतावा मिळवून देण्याच्या निमित्ताने पडदा दूरवरून पाहता येईल असे ॲप घ्यायला सांगतो, आणि काही मिनिटांत खाते रिकामे होते. पडदा दाखवणाऱ्या अशा ॲपच्या दुरुपयोगाबद्दल रिझर्व्ह बँकेने बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते.

या गुन्ह्याची जबाबदारी अर्थातच ठगांची आहे. तरीही खरा क्रमांक सहज सापडत नाही म्हणून खोट्या क्रमांकाला गिऱ्हाईक मिळते, हे नाकारता येणार नाही. फसलेल्या निवृत्त माणसाला घरचे लोक 'तुम्ही फोन केलाच कशाला' असे विचारतात तेव्हा त्याच्या आयुष्यभराच्या बचतीबरोबर त्याचा आत्मविश्वासही जातो, आणि पुढच्या वेळी तो कोणाला काही सांगत नाही. वास्तविक ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनुसार ऑनलाइन वस्तू किंवा सेवा विकणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपले नाव, पत्ता, ग्राहक सेवेचे ईमेल, दूरध्वनी आणि मोबाइल क्रमांक तसेच तक्रार अधिकाऱ्याचा तपशील स्पष्टपणे दाखवला पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि तक्रार एका महिन्यात निकालात काढली पाहिजे. नियम आहे, त्याचे पालन होते की नाही हे पाहणाऱ्या यंत्रणेने या एकाच कलमावर सर्व शक्ती लावली तरी असंख्य घरे वाचतील.

प्रत्येक बदल वाईट असतो असे मात्र मुळीच नाही, आणि भिलाईच्या निवृत्तांना ते चांगले ठाऊक आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही योजना सुरू झाली आणि हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या रांगेत उभे राहण्याची सक्ती संपली. परंतु वयोमानाने आणि हाताच्या कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या कामगारांचे ठसे यंत्राला ओळखता येईनात. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली आणि मुलाकडे परगावी असतानाही स्मार्टफोनवरून दाखला देता येऊ लागला. वापरणाऱ्याची अडचण ऐकून केलेला बदल लोक आनंदाने शिकतात, याचा हा पुरावा आहे. याउलट जानेवारी २०२४ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्च २०२४ नंतर तिच्या खात्यांत नवी रक्कम भरणे बंद झाले, तेव्हा टोल भरण्यासाठीचा त्या बँकेचा फास्टॅग काचेवर असलेल्या वाहनधारकांना जुना बंद करून नवा घेण्याची धावपळ करावी लागली. चूक त्यांची नव्हती, निर्बंधांची कारणेही त्यांना ठाऊक नव्हती, तरी टोलनाक्यावर अडवले जाण्याची भीती त्यांच्याच वाट्याला आली.

दाद मागण्याच्या वाटा आज कागदावर पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणती कशासाठी, एवढे कळले की निम्मे काम होते. पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकाची. ती मराठीसह १७ भाषांत काम करते, त्यामुळे हिंदी मुलखात राहूनही मातृभाषेत तक्रार सांगता येते. येथील तक्रारींना वजन असते: ओला कंपनी परताव्याऐवजी पुढच्या प्रवासाचे कूपन देत असल्याच्या तक्रारींनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने पैसे बँक खात्यात घ्यायचे की कूपनच्या रूपात, ही निवड ग्राहकाला देण्याचा आदेश काढला. बँक किंवा वॉलेटने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. समाजमाध्यमावरील खाते विनाकारण बंद झाले आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचे उत्तर पटले नाही, तर २०२३ पासून केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येते. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या तासाभरात कळवल्यास रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

या व्यवस्थेत एक मोठी फट आहे आणि ती सांगितली पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील व्याख्येनुसार विनामूल्य दिलेली सेवा ही 'सेवा' धरली जात नाही. त्यामुळे ज्या ॲपसाठी रोख पैसे मोजलेले नाहीत त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात उभे राहणे कठीण जाते, जरी ते ॲप माणसाच्या माहितीवर आणि वेळेवर नफा मिळवत असले तरी. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने 'नवे धोरण स्वीकारा, नाहीतर सेवा सोडा' अशी अट घातली तेव्हा त्याची दखल स्पर्धा कायद्याखाली घ्यावी लागली. भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला, परंतु जाहिरातींसाठी माहिती मेटाच्याच अन्य कंपन्यांना देण्यावर घातलेली पाच वर्षांची बंदी रद्द केली. सामान्य वापरणाऱ्याच्या हाती यातून भरपाई म्हणून काहीच आले नाही. माहिती हे मोल मानून अशा सेवांनाही ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणणे, ही सुधारणा संसदेने करायला हवी.

पैसे मोजून घेतलेल्या सेवेबाबत मात्र कायदा आजही ग्राहकाच्या बाजूने भक्कम उभा आहे. कंपनीचे मुख्यालय मुंबईत, बेंगळुरूत किंवा अमेरिकेत असले तरी २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते, आणि मोबाइल कंपन्यांविरुद्धही ग्राहक आयोगाकडे जाता येते असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. तेव्हा नेहरू नगरच्या रहिवाशांनी वर्गणी कापल्याचा संदेश, पडद्याचे छायाचित्र, पावती आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा आणि तक्रार लिहून पाठवावी. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, ती ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते, वकील करणे सक्तीचे नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि ती ऐकणारा जिल्हा आयोग भिलाईचे जुळे शहर असलेल्या दुर्गमध्येच आहे.